दर महिन्याचा उरलेला प्याला

शनिवारी सकाळपासून द्रौपदीबाईंच्या स्वयंपाकघरात काळे मनुके शिजत होते आणि बाहेरच्या खोलीत माणसं तापत होती.

"मी एकदा सांगितलंय," निधी म्हणाली. "उद्या माझं दृढीकरण होऊ दे, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवू देत, फोटो काढा, केक कापा, काय वाट्टेल ते करा. पण प्रभुभोजनाचा पहिला प्याला मी शांतुकाकाबरोबर घेणार. तो नसेल तर मी पण नाही."

"मी पण नाही म्हणजे?" धोंडिराम तोरण्यांनी पेपर खाली ठेवला. "प्रभुभोजन म्हणजे काय पाणीपुरी आहे? मैत्रीण नाही आली तर मी नाही खात!"

"आजोबा, विषय बदलू नका."

धोंडिराम मुलुंडच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे सगळ्यात जुने पंच. त्यांचा आवाज चढला की आख्खं घर खाली बसायचं. ही एकटी उभी राहायची. उद्या दृढीकरण झालं की ती मंडळीची पूर्ण सभासद होणार होती आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस पहिल्यांदा घेणार होती. ती त्यांच्या धाकट्या राजेशची मुलगी होती आणि हनुवटी पुढे काढून बोलायची राजेशची खोड तिने जशीच्या तशी उचलली होती. म्हणून तर आजोबांना तिच्याकडे बघून धड रागावताही येत नसे.

"बाबा, तुम्ही लाडावून ठेवलंय तिला," तेजल म्हणाली. तेजल राजेशची बहीण. उद्याच्या उपासनेसाठी ती पेटीचे भाते पुसत बसली होती, आणि इतक्या जोरात पुसत होती की पेटी मधूनच हुंकारत होती. "निधी, तुला आठवत नाही, तू लहान होतीस. त्या माणसानं तुझा बाप मारला."

"मला सगळं आठवतं, आत्या. गाडीत मी पण होते."

तेजलचा हात भात्यावर थांबला.

अकरा वर्षांपूर्वी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सगळे वसईच्या नातेवाइकांकडून परत येत होते. गाडी शांतवन चालवत होता, तोरण्यांचा थोरला. तो प्यायला होता. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे एक ट्रक कडेला उभा होता, आणि तो दिसायला हवा तेव्हा शांतवनला दिसला नाही. पुढच्या सीटवर राजेश होता. मागे राजेशची बायको माधुरी, तिच्या मांडीवर झोपलेली निधी. त्या दोघींना खरचटलं तेवढंच. इस्पितळाच्या जिन्यात धोंडिरामांनी थोरल्याला एकच विचारलं होतं, "राजेशला कुठे सोडून आलास?" त्यानंतर बापलेकांत बोलणं असं झालंच नाही.

शांतवनने शिक्षा भोगली. सुटल्यावर दहिसरलाच एका चाळीत खोली घेतली आणि एका व्यसनमुक्ती केंद्राच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. दारूला शिवला नाही, स्टिअरिंगलाही नाही. दर रविवारी तो मंडळीत यायचा आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा. पण प्रभूच्या मेजाजवळ, म्हणजे प्रभुभोजनाला, यायची त्याला बंदी होती. 'सगळं नीट होईपर्यंत त्याने लांब राहावं,' असा ठराव पंचांनी केला होता आणि तो मांडला होता खुद्द धोंडिरामांनी, पोराची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून. नीट म्हणजे काय, ते ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं. प्रभुभोजनाचा रविवार असला की प्रवचन संपताच शांतवन उठायचा आणि चर्चच्या मागे चाफ्याखाली जाऊन उभा राहायचा. गाणं सुरू झालं की परत यायचा.

स्वयंपाकघरात द्रौपदीबाई शिजलेले मनुके पळीने चेचत होत्या. या मंडळीत भोजनाचा द्राक्षरस दुकानातून येत नसे, तोरण्यांच्या घरून यायचा. तो मलमलच्या फडक्यातून गाळायचा, गार करायचा, आणि रविवारी बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांत ओतून ताटात मांडायचा. हे काम त्यांना सासूकडून मिळालं होतं. त्याचे आभार कधी कुणी मानले नाहीत, पण नवऱ्याचा टोमणा मात्र ठरलेला. ताट फिरवून आले की ते म्हणायचे, "द्रौपदी, याही वेळी एक उरला. तुला मोजता येणार तरी कधी?"

द्रौपदीबाईंची सगळी नोकरी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली होती. पण त्यांनी नवऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. उरलेला प्याला घेऊन त्या मागे जायच्या आणि चाफ्याच्या मुळाशी ओतायच्या, जिथे थोड्या वेळापूर्वी शांतवन उभा असायचा. तो प्याला त्याचाच असायचा. दर महिन्याला त्या तो मोजून भरत होत्या, दर महिन्याला तो तसाच परत येत होता, आणि आईचं मन म्हणजे काय असतं ते त्या ताटावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडलेलं असूनही कुणाला दिसलं नव्हतं.

"सम्यक, तू तरी बोल काहीतरी," बाहेर तेजल नवऱ्यावर घसरली. "नुसता चहा काय पितोस!"

"मी काय बोलू? मी जावई, त्यात बौद्धांचा. तुमच्या पंचायतीत मला मत नाही."

"बोल म्हटलं ना."

"मग ऐक," सम्यकने कप ठेवला. "लग्न झाल्यापासून तुझ्याबरोबर मी तिथे मागे बसतो. पाळकसाहेब दर रविवारी घसा खरवडून एकच सांगतात. मोफत आहे, मोफत आहे, कृपा मोफत आहे. सगळे माना डोलावतात. आणि घरी आलात की अटी आणि शर्ती लागू. यार, मला बाहेरच्याला गोंधळायला होतं ना."

निधी फसकन हसली. धोंडिरामांनी तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली.

"सम्यकराव," ते जावयाला जपून म्हणाले, "मोफत आहे म्हणून स्वस्त नाही होत. आणि माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही. तो माझ्या पोटचा आहे. मला काय आनंद होतो त्याला झाडाखाली बघून? पण उद्या तो माधुरीच्या शेजारी येऊन गुडघे टेकणार. जिचं कपाळ त्यानं पांढरं केलं तिच्या शेजारी. माधुरीला काय वाटेल, याचा विचार कुणी केलाय?"

"तेच म्हणते मी," तेजल म्हणाली. "माधुरीला काय वाटेल?"

घाटकोपरच्या इस्पितळातली रात्रपाळी आणि वर ओव्हरटाइम उरकून आलेली माधुरी तेव्हा दाराबाहेर चपला काढत होती.

स्वतःचं नाव ऐकून ती थांबली. तसं ते नवीन नव्हतं. या घरात अकरा वर्षं तिचं नाव असंच घेतलं जात होतं, हळू आवाजात, ती आली की बंद करायचं. राजेशच्या फोटोला हार घालायचा तर माधुरीला काय वाटेल, नाही घालायचा तरी माधुरीला काय वाटेल. शांतवनला नाताळला घरी बोलवायचं नाही, कारण माधुरीला काय वाटेल. त्यांची माया तिला कळत होती. तिला पोरीसारखी सांभाळली होती त्यांनी. पण आज तिचे पाय सुजले होते, डोळे चुरचुरत होते आणि या प्रश्नाचा तिला एकदम संताप आला.

"मलाच विचारा ना," ती आत येत म्हणाली.

सगळे चपापले. द्रौपदीबाई पळी हातात घेऊन दारात आल्या.

"अगं माधुरी, तू बस आधी," धोंडिराम उठले. "द्रौपदी, चहा टाक तिला."

"चहा नंतर, बाबा. मला काय वाटतं ते मी सांगते. अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून मी पण नाही सांगितलं." ती खुर्चीत बसली. पर्स मांडीवर तशीच होती. "तेजल, तू माझ्या नावानं भांडतेस, चांगलं भांडतेस. पण मी तुला कधी सांगितलं होतं का गं, की दादांना बाहेर ठेवा?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतं ना."

"काय दिसतं? दादा तुरुंगात होते तेव्हा मी रोज गुडघे टेकून प्रार्थना करायची. काय मागायची माहितीय? हा माणूस जिवंत परत येऊ नये. रोज मागायची. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भोजनाला पुढे जायची. मला कुणी अडवलं नाही."

"दुःखात माणूस काहीही मागतं, माधुरी," धोंडिराम हळूच म्हणाले. "ते प्रभू धरून ठेवत नाही."

"माझं धरून ठेवत नाही. बरं. मग पुढचं ऐका." माधुरीने पर्स खाली ठेवली. "वसईला राजेश म्हणत होते, आजची रात्र इथेच राहू. मी म्हटलं, नाही, मला सकाळची ड्युटी आहे, निघायचं. दादा गाडीत बसले तेव्हा मी त्यांचे डोळे बघितले होते. मी नर्स आहे, बाबा. प्यायलेल्या माणसाचे डोळे मला लांबून कळतात. राजेश म्हणाले, मी चालवतो. दादा ऐकेनात, दोघांची वादावादी व्हायला लागली. मी म्हटलं, चालवू द्या हो त्यांना, उशीर होतोय. असं मी म्हटलं. मी."

निधीने आईचा हात धरला. तिला हे माहीत नव्हतं. झोपेत होती ती तेव्हा.

"पोलिसांनी मला विचारलं नाही," माधुरी म्हणाली. "पंचांनी विचारलं नाही. सगळे म्हणाले, बिचारी माधुरी. मी बिचारी होऊन आत बसले आणि दादा बाहेर उभे राहिले. त्यांची चूक पेपरात आली म्हणून ते झाडाखाली, माझी कुणाला माहीत नाही म्हणून मी मेजाजवळ. दर महिन्याला बाबा तुम्ही ताट माझ्यापुढे धरता आणि मला वाटतं, आज तरी यांना कळेल."

धोंडिराम परत खुर्चीत बसले.

"हे तू कधी... आम्हाला..."

"कुणाला सांगणार? तुम्ही पंच."

तेजलच्या हातातलं फडकं पडलं. ती उठली, माधुरीकडे निघाली, अर्ध्यावर थांबली, आणि तशीच बाल्कनीत निघून गेली. सम्यक तिच्या मागे गेला.

"तू माफ केलंस त्याला?" द्रौपदीबाईंनी दारातूनच विचारलं. अकरा वर्षं हा प्रश्न त्यांच्या जिभेवर होता.

"खरं सांगू, आई? काही दिवस करते. काही दिवस पहाटे जाग येते, बाजूची उशी रिकामी दिसते, आणि पुन्हा पहिल्यापासून. उद्याचं मला माहीत नाही." तिने डोळे पुसले. "पण ते जेवण माझं थोडंच आहे? तुम्ही रस करता, बाबा ताट फिरवतात, मी पुढच्या रांगेत बसते. म्हणून आपण काय घरचे यजमान झालो? ज्याचं जेवण आहे त्यानं बोलावलंय. आपण सगळे पाहुणे. एका पाहुण्यानं दुसऱ्या पाहुण्याला दारात अडवायचं, आणि ते पण माझं नाव सांगून? मला नाही चालणार यापुढे."

धोंडिराम उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांनी पातेल्यातल्या रसाकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, आणि मोठ्या माणसाला हार मानता येत नाही तेव्हा तो जे करतो ते केलं. बायकोवर घसरले.

"आणि हे बघ, या वेळी प्याले नीट मोजून भर. दर महिन्याला एक उरतो. शोभतं का? सभासद आहेत तितके, दृढीकरणाची पोरं आहेत तितकी आणि एक माझा. बास. एकही जास्त नको. उरलेल्या रसाची बाटली पण घरीच ठेव."

"बरं," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"मोजून."

"बरं म्हटलं ना. मोजूनच भरते."

*

रविवारी शांतवन पहिल्या घंटेलाच आला. निधीचा दिवस म्हणून त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मागच्या बाकावर बसून त्याने पोरीच्या डोक्यावर पाळकांचा हात टेकलेला बघितला आणि त्याला राजेशची इतकी आठवण झाली की त्याला बाक घट्ट धरावा लागला. काल निधीचा फोन आला होता. "काका, उद्या तू पुढे यायचंस." तो म्हणाला होता, "बेटा, वेडेपणा नको करू. मी तुला मागून बघीन, झकास बघीन." त्याला वाटलं, विषय संपला.

उपासनेच्या आधी पाळकसाहेब, रेव्हरंड कुंडलिक आढाव, धोंडिरामांना आतल्या खोलीत म्हणाले होते, "काय ठरलं, तोरणे?"

धोंडिरामांनी ताट उचलून पुसायला घेतलं.

"मग असं करू. निमंत्रण देताना मी कुणाचं नाव घेणार नाही. ज्याला आपल्या पापाचा मनापासून पस्तावा आहे त्यानं यावं, एवढंच म्हणेन. माझ्याकडून सगळ्यांना भाकर मिळेल. पुढे ताट तुमच्या हातात आहे."

प्रवचन संपलं. पाळकांनी निमंत्रण दिलं. तेजलने पेटीवर हळू सूर धरला आणि पहिली रांग मेजापुढच्या कठड्याशी जाऊन गुडघ्यांवर बसली. शांतवन नेहमीसारखा उठला. त्याने चपलेत पाय सरकवले आणि बाजूच्या दाराकडे निघाला. दारात माधुरी उभी होती.

"कुठे निघालात, दादा?"

अकरा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. त्याला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणतेय.

"बाहेर," तो म्हणाला.

"बाहेर काही नाही. पुढे चला. निधी थांबलीय."

"माधुरी, नको गं. माझी लायकी नाही."

"लायकी असणाऱ्यांची रांग कुठली? मला पण दाखवा. मी त्या रांगेतली नाही. तुमच्याच रांगेतली आहे, दादा. कशी, ते घरी सांगीन. आता चला."

समोर, मधल्या वाटेत, निधी उभी होती. बाकीची पोरं कठड्याशी पोचली होती, ती मात्र मागे वळून त्याच्याकडे बघत होती. मंडळी कुजबुजायला लागली होती. माधुरीने त्याच्या कोपराला धरलं, आजारी माणसाला उठवताना धरतात तसं, आणि ती चालायला लागली. मग त्यालाही चालावं लागलं.

पेटी बंद पडली. तेजलची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली होती आणि ती सरळ समोर बघत होती. वाजवणार नाही, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आधीच्या रांगा उठून गेल्या, आणि त्या शांततेत तिघं कठड्याशी शेवटच्या रांगेत गुडघे टेकून बसली. कडेला निधी, मग शांतवन, मग माधुरी. पाळकांनी तिघांच्या तळहातांवर भाकरीचा तुकडा ठेवला. शांतवनचे तळहात त्यांनी खालून आपल्या हाताने धरले.

धोंडिराम ताट घेऊन निघाले.

त्यांना वरून फक्त डोकी दिसत होती. निधीची घट्ट वेणी. तिच्या बाजूला एक विरळ, पांढरं डोकं, आणि कानामागे अपघाताचा व्रण. हे डोकं म्हातारं कधी झालं, हे त्यांना कळलंच नव्हतं. लहानपणी याच्या केसांना तेल लावताना हा पळून जायचा. त्यांनी निधीला प्याला दिला. मग ताटाकडे बघितलं आणि ते थबकले.

ताटात दोनच प्याले होते.

एक माधुरीचा, एक त्यांचा स्वतःचा. पंचाने ताट फिरवायचं, सगळ्यांना द्यायचं आणि शेवटचा आपण घ्यायचा, अशी या मंडळीची रीत. आज एकही जास्त नव्हता. त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. द्रौपदीबाई पहिल्या बाकावर पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि चष्म्यातून सरळ त्यांच्याकडे बघत होत्या, वर्गात पोराला फळ्यावर उभं केल्यावर बघायच्या तशा.

तेव्हा धोंडिरामांना कळलं. दर महिन्याला उरणारा तो प्याला कुणाचा होता, हे कळलं. ज्याला ते हिशेबाची चूक म्हणून हसत आले, ती चूक नव्हती. हिशेब त्यांचाच चुकला होता. ताटातले दोन्ही प्याले एकमेकांवर वाजायला लागले.

"घे," ते म्हणाले.

शांतवनने मान वर केली नाही. त्याला वाटलं, ताट पुढे जाणार.

"घे, शांतू."

हे नाव त्यांनी जिन्यातल्या त्या रात्रीनंतर उच्चारलं नव्हतं. शांतवनने वर बघितलं. बापाचे गाल ओले होते. त्याने प्याला उचलला. माधुरीने शेवटचा घेतला. धोंडिरामांनी रिकामं ताट मेजावर ठेवलं आणि रीतीप्रमाणे कठड्याशी येऊन उभे राहिले. पाळकसाहेब त्यांचा प्याला द्यायला वळले, आणि ताट बघून घुटमळले. त्यांनी नजरेनेच द्रौपदीबाईंना विचारलं, आणखी आहे? द्रौपदीबाईंनी मान हलवली. नाही.

सगळी मंडळी बघत होती. ज्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना वाढलं ते तोरणे पंच मेजासमोर हात रिकामे घेऊन उभे होते. धोंडिरामांना आधी लाज वाटली. मग त्यांच्या मनात आलं की असंच रिकाम्या हातांनी कुणीतरी इतकी वर्षं मागे झाडाखाली उभं होतं, आणि आपण आत गाणी म्हणत होतो. आज त्यांच्याजवळ मांडायला काहीच नव्हतं. पंचपण नाही, ठराव नाही, मुलापेक्षा आपण बरे हेही नाही. एखाद्याने दिलं तरच मिळणार होतं.

या मंडळीत रांगेतले सगळे पाळकांच्या शब्दावर एकदम पितात. शांतवनचा प्याला अजून भरलेलाच होता. त्याने पाळकांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. त्याने अर्धा घोट घेतला आणि उरलेला बापापुढे धरला.

"बाबा, या. तुमचा पण आहे."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर धोंडिराम उभ्यानेच भोजन घ्यायचे. डॉक्टरांची तशी ताकीद होती. आज त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात टेकला आणि वाकत, कण्हत, एकेक गुडघा खाली आणला. मग प्याला घेतला आणि थेंबसुद्धा न ठेवता प्यायले. मनुक्यांचा तो ओळखीचा गोड रस त्यांना जन्मात पहिल्यांदा प्यायल्यासारखा लागला.

"अकरा वर्षं लावली मी," ते मुलाच्या कानाशी म्हणाले. "माफ कर मला, शांतू."

"बाबा, मला करा."

"केलं रे. केलं. कधीच करायला पाहिजे होतं."

निधी रडत रडत हसत होती. माधुरीने डोळे मिटले होते. तिला काय वाटत होतं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हलकं.

तेवढ्यात पेटी वाजली. आधी एकच सूर, चाचपडत. तेजलला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण बोटांना वाट पाठ होती. ती उपकारस्तुतीच्या भजनावर आली आणि तिने लय अशी चढवली की ढोलकीवाला हर्षद पळत जागेवर येऊन बसला. टाळ वाजायला लागले. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. सम्यकला शब्द येत नव्हते, तो नुसत्याच टाळ्या वाजवत होता, आणि सगळ्यांत जोरात तोच वाजवत होता. कठड्याशी धोंडिरामांना उठता येईना. एका बाजूने माधुरीने धरलं, दुसऱ्या बाजूने शांतवनने, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं तेव्हा मंडळीतून असा आवाज उठला की बाहेर रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावून बघायला लागले.

नंतर अंगणात बिर्याणीची पातेली उघडली. शांतवनला इतके लोक मिठ्या मारत होते की त्याच्या शर्टाची इस्त्री मोडून गेली. तेजल त्याच्यासमोर ताटली घेऊन उभी राहिली. तिने त्याच्या भातावर आणखी एक मटणाचा तुकडा ठेवला, चांगला मोठा, नळीचा. लहानपणी त्या नळीवरून दोघांची मारामारी व्हायची.

द्रौपदीबाईंनी काचेचे प्याले विसळले, ताट पुसलं आणि सवयीने त्या मागे चाफ्याकडे निघाल्या. झाडाखाली येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, हातात नुसतं रिकामं ताट आहे, ओतायला काहीच नाही. मागून काठी टेकत धोंडिराम आले.

"तू मुद्दाम कमी भरलास," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलेत तितकेच भरले."

"तुला माहीत होतं शेवटचा माझा असतो."

"गणिताची बाई आहे मी," द्रौपदीबाई म्हणाल्या.

धोंडिराम हसायला लागले. हसता हसता त्यांना झाडाचा आधार घ्यावा लागला. अंगणातून निधी दोघांना हाका मारत होती, जेवण थंड होतंय, काका थांबलाय. द्रौपदीबाईंनी रिकामं ताट नवऱ्याच्या काखेत दिलं, मोकळ्या झालेल्या हाताने त्यांचा हात धरला, आणि दोघं गर्दीकडे वळली. त्या महिन्यात चाफ्याला काही मिळालं नाही.